शिक्षा संपली, हजेरी संपली काय?

(राधानगरी येथे धम्मबंधू-भगिनींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



विहारात आपण शिक्षणावर बोलतो, राखीव जागांवर बोलतो, गायरानावर आणि स्मशानभूमीवर बोलतो. हे आपल्या हक्काचे विषय आहेत आणि त्यांवर बोललेच पाहिजे. परंतु एक माणूस असा आहे की, त्याचा विषय विहारात कोणी काढीत नाही. कळंब्याच्या किंवा येरवड्याच्या कारागृहातून शिक्षा भोगून तो सुटतो, राधानगरीच्या एस. टी. स्थानकावर उतरतो, आणि अंधार पडेपर्यंत तेथेच बसून राहतो; कारण उजेडी गावात शिरण्याची त्याची छाती होत नाही. त्या माणसाविषयी आज बोलावयाचे आहे. जे ऐकावयास आलेले नाहीत व हे भाषण छापील पानावर वाचणार आहेत, त्यांनीही आपल्या गावातील असा एक चेहरा डोळ्यांपुढे आणावा. तसा चेहरा नाही असे गाव थोडे.

न्यायालय शिक्षा देते तेव्हा तिची मुदत सांगते. तीन वर्षे, सात वर्षे, दंड इतका, दंड न भरल्यास आणखी इतके महिने. आजन्म कारावासाच्या कैद्याचीही मुदतपूर्व सुटका नियमाने विचारात घेतली जाते. गावाच्या शिक्षेला मात्र मुदत नसते. ती कोणी लिहीत नाही, वाचून दाखवीत नाही आणि तिच्यावर अपीलही चालत नाही. न्यायालयाने एका माणसाला शिक्षा दिली असता गाव ती त्याच्या बायकोला, मुलाला आणि म्हाताऱ्या आईला वाटून देते. ही दुसरी शिक्षा देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न राधानगरीतच विचारण्यास कारण आहे. आपले गाव राजर्षी शाहू छत्रपतींनी वसविलेले आणि आपल्या कन्येचे नाव दिलेले. भोगावतीवरील धरणाचे काम त्यांच्याच हयातीत सुरू झाले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. धरणाचा अभिमान आपण सर्वजण बाळगतो. परंतु महाराजांनी ह्याच मुलुखात दुसरे एक काम केले, त्याची आठवण फार थोड्यांना आहे. १९१८ साली त्यांनी कोल्हापूर संस्थानातील हजेरीची पद्धत बंद केली.

हजेरी म्हणजे काय, हे आजच्या तरुणांना सांगितले पाहिजे. महार, मांग, रामोशी, बेरड ह्या जातींत जन्मलेल्या माणसाने, त्याने गुन्हा केलेला असो वा नसो, गावच्या अंमलदारापुढे जाऊन आपण जाग्यावर आहोत हे नित्य दाखवावयाचे. कोठे चोरी झाली की प्रथम त्याच्याच झोपडीची झडती. परगावी लग्नाला जावयाचे तर आधी परवानगी. जन्म हाच पुरावा आणि संशय हाच निकाल! ज्या वर्षी महाराजांनी महार वतने खालसा करून त्या जमिनी रयताव्याने दिल्या, त्याच वर्षी त्यांनी हा जाच संपविला. ज्या फासेपारध्यांना सारा मुलूख चोर म्हणत होता, त्यांना त्यांनी पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या, राहावयास घरे दिली. चोर म्हणून ज्याच्यावर पहारा ठेवावयाचा, त्यालाच पहारेकरी नेमले. पहाऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात, आणि हळूहळू तोही स्वतःकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

ब्रिटिश हिंदुस्थानात ह्याच्या उलट चालले होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. सोलापूरला त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. लोक तिला ‘सेटलमेंट’ म्हणू लागले आणि ते नाव त्या भागाला चिकटून राहिले. मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य व आदिवासी वर्गांची स्थिती पाहण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष ह्या वसाहतींचे अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट हे होते, आणि परमपूज्य बाबासाहेब तिचे एक सभासद होते. पुढे १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरील आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरविलेल्या जमाती ह्या तिन्ही वर्गांना एका ओळीत बसविले आणि असे वर्ग निर्माण करणाऱ्या संस्कृतीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशातून गेला. परंतु त्याची सावली गेली नाही. पत्रकार सुकन्या शांता ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला, तेव्हा अनेक राज्यांच्या कारागृह-नियमांत जातीवरून कामे वाटण्याची आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याची कलमे अजून शिल्लक होती. न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली आणि बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा हुकूम दिला.

आता कोणी म्हणेल, जन्मावरून गुन्हेगार ठरविणे अन्यायाचे खरे. पण ज्याने खरोखर गुन्हा केला त्याची गोष्ट निराळी. निराळी आहेच. निरपराधाला शिक्षा होणे आणि अपराध्याला शिक्षा होणे ह्या दोन गोष्टी मी एक मानीत नाही. परंतु शिक्षा भोगून झाल्यावर काय? हजेरीच्या मुळाशी एकच कल्पना होती: माणूस बदलत नाही. एकदा चोर तो सदाचा चोर. ह्याच कल्पनेने आपल्या वाडवडिलांना पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले. ती आपल्याविरुद्ध वापरली तर अन्याय, आणि आपण शेजारच्या घरातील सुटून आलेल्या मुलाविरुद्ध वापरली तर न्याय, असे कसे होईल?

माणूस बदलत नाही, हे म्हणणे धम्माला मान्य नाही. अंगुलिमालाची कथा तुम्हां सर्वांना ठाऊक आहे आणि बाबासाहेबांनी ती ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथात आवर्जून घेतली आहे. आपण ती सांगतो तेव्हा वनातील भेटीपाशी थांबतो. दरोडेखोराने शस्त्र टाकले, कथा संपली. खरी कथा तेथून पुढे आहे. राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन त्याच दरोडेखोराला धरण्यास निघाला होता. तथागतांनी त्याला विचारले की, हा मनुष्य शीलवान भिक्षू होऊन बसलेला दिसला तर काय करशील? राजाने आदर करीन असे सांगितले, आणि भिक्षू समोर दाखविल्यावर भ्यालेला राजा स्वतःला सावरून त्याच्या चीवराची, अन्नाची, औषधाची सोय करण्यास पुढे झाला. पकडावयास निघालेल्या सत्तेने पोषणाची जबाबदारी पत्करली. पण गाव बदलले नव्हते. अंगुलिमाल भिक्षेला गेला तेव्हा त्याच्यावर ढेकळे, काठ्या आणि खापऱ्या पडल्या. डोके फुटले, पात्र फुटले, चीवर फाटले. रक्ताने माखलेला तो परत आला, तेव्हा तथागतांनी त्याला सहन करण्यास सांगितले. संघातून मात्र घालविले नाही.

विनयात ह्याचा पुढचा भागही नमूद आहे. प्रसिद्ध दरोडेखोराला संघात पाहून लोक घाबरले, त्यांनी तक्रार केली. तेव्हा अशा कुप्रसिद्ध चोराला ह्यापुढे प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. तुरुंग फोडून पळालेल्यालाही संघ बंद झाला. म्हणजे लोकांची भीती तथागतांनी हसण्यावारी नेली नाही, आणि संघ ही कायदा चुकविण्याची जागा होऊ दिली नाही. परंतु जो आत आलेला होता आणि नव्या वाटेने चालत होता, त्याच्यामागे संघ उभा राहिला. आज मी ज्याच्याविषयी बोलतो तो तुरुंग फोडून आलेला नाही. त्याने मुदत भरली आहे. ज्याचे देणे फिटले त्याच्याकडे पुन्हा पुन्हा वसुलीला जाणे, हे सावकाराचे काम आहे, उपासकाचे नव्हे.

दुसरा आधार कूटदंत सुत्ताचा. राज्यात चोऱ्या-दरोडे माजले असता राजाच्या पुरोहिताने त्याला सल्ला दिला की, फाशी, बेड्या आणि दंड ह्यांनी हा उपद्रव मुळापासून जाणार नाही. जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. शेतकऱ्याला बियाणे आणि वैरण दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरीच्या माणसाला वेतन दे. राजाने तसे केले आणि लोक दारे उघडी टाकून राहू लागले. गुन्ह्याचा विचार पोटाच्या विचारापासून तोडू नये, हे ह्या सुत्ताचे सार आहे.

आपल्या शेजारच्या मुलुखात हा विचार प्रत्यक्ष करून पाहिलेला आहे. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ नावाची वसाहत निघाली. संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन ह्यांनी ती उभी केली. गंभीर गुन्ह्यांच्या कैद्यांना तेथे भिंतीशिवाय, बेडीशिवाय ठेवले. कसावयास जमीन दिली आणि बायका-मुलांना बरोबर राहू दिले. माणूस भिंतीने अडत नसेल, पण संसाराने आणि पिकाने अडतो, हा त्यामागचा हिशेब. ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम ह्यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, त्याचे मूळ ह्या वसाहतीत आहे. पडद्यावरच्या त्या सहा कैद्यांसाठी आपण डोळे पुसले. आपल्या गल्लीतल्या एकासाठी दार उघडले की नाही, ते ज्याचे त्याने पाहावे.

कोल्हापुरातही पाहा. कळंब्याच्या बंद्यांनी वळलेले लाडू अंबाबाईच्या प्रसादाला गेलेले आहेत. गजांआड असताना त्यांच्या हातचे भाविकांना चालले. तोच हात सुटून आल्यावर चहाच्या गाड्यावर कप विसळावयास ठेवावयाचा, तर गिऱ्हाईक फिरकणार नाही म्हणून मालक नको म्हणतो. हात तोच आहे. तो डोळ्यांपुढे आला एवढाच फरक!

तीन आक्षेप घेतले जातात, त्यांना सरळ उत्तर देतो.

पहिला आक्षेप: ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे काय? हा सर्वांत मोठा प्रश्न आहे आणि तोच आधी पाहिला पाहिजे. ज्या घरातला माणूस मारला गेला, ज्या स्त्रीची अब्रू गेली, त्यांना ‘आता विसरा’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. सुटून आलेल्याने त्यांच्या वाटेस जाऊ नये, त्यांच्या दारात मध्यस्थ धाडू नयेत. क्षमा मागता येते, वसूल करता येत नाही. त्यांना मिळावयाची भरपाई मिळवून देण्यास विहाराने प्रथम धावावे. परंतु त्या घराला न्याय मिळावा म्हणून दुसऱ्या घराचे मूल उपाशी राहिले पाहिजे, हा हिशेब मला समजत नाही.

दुसरा आक्षेप: तो पुन्हा गुन्हा करील. काहीजण करतील. त्यांच्यासाठी पोलीस आहे, न्यायालय आहे. पण ज्याला काम नाही, उधारी नाही, बसावयास ओटा नाही, त्याला जवळ करणारी एकच मंडळी गावात उरते, आणि ती कोणती ते तुम्हांला ठाऊक आहे. दारूच्या अड्ड्यावर त्याला कोणी दाखला विचारीत नाही. आपण दार लावले की त्याला तेथे आपणच पोहोचविले.

तिसरा आक्षेप आपल्या समाजाचा खास आहे: ‘आधीच लोक नावे ठेवतात, त्यात हा आपल्यात वावरला तर समाजाची बदनामी.’ बंधूंनो, आपल्या लोकांना तुरुंग परका नाही. देशाच्या कारागृहांत ३१ डिसेंबर २०२२ रोजी ५,७३,२२० बंदी होते. त्यांतील ४,३४,३०२, म्हणजे चारांतील तीन, अजून दोषी ठरलेलेच नव्हते. त्यांचे खटले चालावयाचे होते. जामीन मंजूर होऊनही सातबाऱ्याचा धनी जामीनदार मिळत नाही म्हणून भूमिहीनाचे पोर आत कुजते. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गरिबाकडून न झेपणारा जामीन मागण्यावर कठोर शब्दांत ताशेरे ओढले. तेव्हा सुटून आलेला प्रत्येकजण गुन्हेगार असतो, ही समजूतच आधी टाकून द्या. आणि जो दोषी होता त्याच्याबाबत आपला नियम एकच असावा: जातीवरून सूट नाही आणि जातीवरून सूडही नाही. तो मराठ्याचा असो, धनगरवाड्यावरचा असो की बौद्धवाड्यातला असो.

आता प्रत्यक्ष काय करावयाचे ते सांगतो. भाषण ऐकून जयजयकार करणे सोपे असते. पुढील कामे थोडी आहेत पण करावी लागतील.

काम सुटकेच्या आधी सुरू होते. बंद्याला संचित रजा किंवा अभिवचन रजा मिळावयाची असता नातेवाइकाची हमी लागते आणि गावच्या पोलिसांचा अहवाल मागविला जातो. तेथे गावाचा आक्षेप लिहिला गेला की रजा अडते. विहाराच्या चार जाणत्यांनी त्या वेळी कुटुंबाबरोबर ठाण्यावर जावे. रजेचे ते दिवस म्हणजे गावाची आणि त्या माणसाचीही पहिली परीक्षा असते. ती नीट पार पडली तर कायमची सुटका सोपी जाते.

खटला चालू असलेल्यांसाठी कायदा ठाऊक असू द्या. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, प्रत्येक स्त्रीला आणि कोठडीतील प्रत्येकाला १९८७ च्या विधी सेवा कायद्याने विनामूल्य वकील मिळतो; उत्पन्नाची अट त्यांना नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, मृत्युदंड किंवा आजन्म कारावासाचे गुन्हे वगळता, पहिल्याच गुन्ह्यातील आरोपीने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला मुक्त करण्याची तरतूद आहे. जामिनाची किंवा दंडाची रक्कम नाही म्हणून अडकलेल्या गरीब बंद्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ साली साहाय्याची योजना काढली. योजना कागदावर असते; अर्ज लिहिणारा माणूस वाडीत असावा लागतो. आपली शिकलेली मुले तेवढे करू शकतात.

सुटल्यानंतरचे पहिले काम कागदांचे. शिधापत्रिकेवरून नाव उडालेले असते, बँकेचे खाते बंद पडलेले असते, आधाराचा पत्ता जुना असतो. मतदानाचा हक्क कारागृहात असेपर्यंत स्थगित असतो. बाहेर आल्यावर तो मत देऊ शकतो, हे त्यालाही ठाऊक नसते. भाऊबंद सांगतात की तुरुंगात गेलेल्याचा वाटा गेला. हे खोटे आहे. वारसा कायद्याने, ज्याचा खून केला त्याचा वारसा तेवढा खुन्याला मिळत नाही. एरवी तुरुंगवासाने वडिलार्जित हिस्सा जात नाही. ज्याच्या नावावर अर्धा एकर का होईना सातबारा आहे, तो गाव सोडून पळत नाही.

दुसरे काम रोजगाराचे. जिल्ह्याच्या ठिकाणी महिला व बालविकास विभागाखाली परिविक्षा अधिकारी असतो; सुटलेल्या बंद्यांच्या पुनर्वसनाचे काम त्याच्याकडे आहे. त्याच्यापर्यंत माणूस पोहोचवा. पण सरकारी साहाय्याची वाट पाहत बसू नका. आपल्या तालुक्यात ऊसतोड आहे, भातलावणी आहे, दूध संस्था आहेत, गवंडीकाम आहे. टोळीच्या मुकादमाने एक कोयता त्याला द्यावा. बचत गटाने त्याच्या पत्नीला एक म्हैस घेऊन द्यावी. १ मे २०२२ पासून महाराष्ट्राच्या कारागृह विभागाने राज्य सहकारी बँकेच्या साहाय्याने ‘जिव्हाळा’ नावाचे पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज शिक्षा भोगत असलेल्या बंद्यालाच देण्यास आरंभ केला. आत असलेल्याच्या मजुरीवर बँक विश्वास टाकते. बाहेर आलेल्याच्या मजुरीवर गावाने टाकावयास काय हरकत आहे?

तिसरे काम पैशाचे नाही आणि म्हणून सर्वांत अवघड आहे. त्याला बुद्धवंदनेला बोलवा आणि मागे उंबऱ्यापाशी नव्हे, रांगेत बसवा. मंगल परिणयाची पत्रिका त्याच्या घरी द्या. त्याच्या मुलाला शाळेत ‘तुरुंगवाल्याचा’ म्हणणाऱ्या पोराला त्याच्या आईने घरीच थांबवावे. जात पंचायतीचा सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविणारा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली केला. तो कायदा करून घेण्यासाठी ज्यांनी टाहो फोडला, त्या समाजाने आपल्याच गल्लीत मुका बहिष्कार चालवू नये. आणि त्या माणसालाही पंचशील सांगा. चोरी, खोटे आणि दारू ह्यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्याच्याकडून घ्या व ती पाळण्यास त्याच्याबरोबर राहा. दया दाखवून मोकळे होऊ नका. त्याच्याकडून अपेक्षा धरा. अपेक्षा धरणे हाही माणुसकीचा मान आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंनी बाबासाहेबांकडून ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांत आपला नवा जन्म झाला अशीही एक प्रतिज्ञा आहे. ती आपण दरवर्षी उच्चारतो. त्या दिवशी कोणी कोणाला विचारले नाही की, काल तू कोण होतास. हजारो वर्षांचा डाग एका दिवसात पुसण्याचे सामर्थ्य त्या प्रतिज्ञेत आहे असे आपण मानतो. मग पाच-सात वर्षांची शिक्षा भोगलेल्या माणसाचा डाग पुसण्यास ती अपुरी कशी पडेल? नवा जन्म हा शब्द आपल्यापुरता खरा मानावयाचा आणि दुसऱ्यासाठी खोटा, असे चालणार नाही.

पाणी भरले की आपल्या धरणाचे सात दरवाजे आपोआप उघडतात. तेथे कोणाला सांगावे लागत नाही. माणसांच्या गावाचे दार आपोआप उघडत नाही. ते कोणीतरी आतून उघडावे लागते. १९१८ साली एका राजाने आपल्या वाडवडिलांची हजेरी बंद केली. ह्या गावातील उरलेली हजेरी बंद करण्यास आता राजा येणार नाही. ती तुम्ही बंद करावयाची आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.